प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढतात?

‘बाबांचं प्रोस्टेट काढलं, आता घोर मिटला,’ असं घरोघरी म्हणतात. ते अर्धंच खरं. वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये अख्खी ग्रंथी काढत नाहीत. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर काढावा, तसा मूत्रमार्गाला दाबणारा भाग तेवढा काढतात. साल मागे राहते, आणि कर्करोग बहुतेक वेळा तिच्यातच सुरू होतो. म्हणून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा सुगावा देणारी रक्ताची तपासणी पुढेही लागू शकते.

हा गर बोटाने सोलून निघतो, हे १९०० नंतर लंडनमध्ये पीटर फ्रेयर यांनी गाजवून दाखवलं. त्याआधी ते वीसएक वर्षं उत्तर हिंदुस्थानात सरकारी सर्जन होते. पण त्यांच्या पद्धतीत पोट उघडावं लागे.

आज सर्रास होतं ते दुर्बिणीचं ऑपरेशन, टीयूआरपी. मूत्रमार्गातूनच आत जाऊन विजेच्या तारेने गर तासून काढतात. पूर्वी त्यात आतली जागा धुवायला ग्लायसिनचं पाणी वापरत. ते रक्तात शिरून सोडियम घसरे, त्यामुळे तासाभरात आटपावं लागे. बायपोलर या नव्या प्रकारच्या यंत्रात सलाइन चालतं, तो धोका जवळपास गेला.

ग्रंथी ८०-१०० ग्रॅमच्या पुढे गेली की होलेप हे लेसरचं ऑपरेशन सोयीचं. फ्रेयरांच्या बोटाचं काम इथे होल्मियम लेसर करतो. सुटलेला गर मूत्राशयात ढकलून, तिथेच बारीक करून ओढून घेतात. हे हातात बसायला वेळ लागतो. त्यामुळे ‘लेसर आहे का?’ यापेक्षा ‘तुम्ही अशी किती केलीत?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

संकोचापायी एक गोष्ट राहून जाते. टीयूआरपी आणि होलेप, या दोन्हींनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. ताठरता सहसा टिकते, पण हे आधी सांगायलाच हवं. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी मध्यम आकाराच्या ग्रंथीत ग्रंथी बाजूला खेचून धरणारे यूरोलिफ्टचे टाके किंवा वाढलेला गर आक्रसवणारी रेझूमची वाफ आहे. रेझूममध्ये एका टोचणीला ९ सेकंद वाफ! मात्र आराम पडायला काही आठवडे जातात, आणि पुन्हा ऑपरेशनची शक्यता जास्त.

नुसतं रात्री उठावं लागतं म्हणून घाई नको, आधी गोळ्या. लघवी वारंवार तुंबणं, मूत्राशयात खडे, किडनीवर ताण, ही खरी कारणं. टीयूआरपीनंतर दोन-तीन आठवड्यांनी खपली सुटून लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. भरपूर पाणी प्यावं. गुठळ्या येऊन धार अडली, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.