गार्नेटच्या गाभ्यातलं मँगनीज

जानेवारी आला की जाहिराती सुरू होतात: या महिन्यात जन्मलात, तर गार्नेट घाला. सोबत डाळिंबी रंगाचा खडा असतो आणि गार्नेट म्हणजे लाल रत्न हा समज आणखी पक्का होतो. खरं तर गार्नेट हे एकच एक खनिज नाही, खनिजांचं आख्खं घराणं आहे. त्यात नारिंगी, मधाळ, हिरवे, जवळजवळ काळेही स्फटिक येतात. राहूची पीडा टळावी म्हणून बोटात घातला जाणारा गोमेदसुद्धा गार्नेटच, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमचं. राहू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या भासमान मार्गाला छेदतो तो बिंदू. तिथे कुठलाही गोळा नाही, मग खड्याने अडवायचं काय? या भीतीवर लोकांचे पैसे उकळले जातात याची मला चीड येते, कारण त्याच खड्यात वाचण्यासारखं खरोखर पुष्कळ असतं.

सगळ्या गार्नेटांची अंतर्गत चौकट सारखीच असते. सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, ॲल्युमिनियमभोवती सहा, आणि या दोहोंच्या घट्ट गुंफणीत आठ ऑक्सिजनांनी वेढलेल्या जागा उरतात. तिथे लोह बसलं की गर्द लाल अल्मंडाइन, मँगनीज बसलं की नारिंगी स्पेसर्टीन. निसर्गात बहुधा मिश्रणच सापडतं. ही चौकट एखाद्या ठरावीक सपाट प्रतलावर सहज दुभंगत नाही. कठिनताही मोह्सच्या दहाच्या मापावर ६.५ ते ७.५, म्हणून गार्नेटची वाळू पॉलिश पेपरवर आणि पाण्याच्या झोताने धातू कापायच्या यंत्रांत वापरतात. अभ्रकाचा खडक झिजला की त्यातून बारा समभुज चौकोनी बाजूंचे गार्नेटचे दाणे वर डोकावतात. कोणी पैलू पाडलेत असंच वाटतं.

सह्याद्रीच्या काळ्या कातळात मात्र गार्नेट शोधू नका. तो लाव्हा जमिनीवर येऊन थिजला, आणि त्या प्रकारच्या खडकात गार्नेट तयार व्हायला मोठा दाब लागतो. अल्मंडाइनची घनता पाण्याच्या सुमारे ४.३ पट, गारगोटीची २.६५ पट, इतकी दाट रचना खोल दाबाखालीच परवडते. विदर्भात मात्र गार्नेट आहे. रामटेकजवळचं मनसर, तुमसरकडचं चिखला या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात स्पेसर्टीन आणि गारगोटीचा खडक आढळतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या लुईस फर्मर यांनी १९०९ मध्ये त्याला ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरचे भूवैज्ञानिक आजही तेच वापरतात.

त्या आठ ऑक्सिजनांच्या जागेत मँगनीजचा आयन आरामात मावतो. लोह आणि मॅग्नेशियमचे आयन तिथे जरा लहान पडतात, त्यांना बसवायला दाब हवा. त्यामुळे मँगनीज भरपूर असेल तर गार्नेट कमी दाबातही तयार होतं. साध्या चिखलाच्या खडकात मँगनीज अगदी थोडं असतं, पण तिथेही पहिला मान त्याचाच. खडक गाडला जाऊन ४५०-५०० अंश सेल्सियसपर्यंत तापला की गार्नेटचा गाभा धरू लागतो आणि आसपासचं मँगनीज ओढून घेतो. मग स्फटिक खडीसाखरेसारखा थरावर थर चढवत वाढतो, पण बाहेरच्या थरांच्या वाट्याला मँगनीज कमी कमी येतं, लोह वाढतं, आणि तापमान चढेल तसं मॅग्नेशियमही. मोहरीएवढ्या दाण्याचा छेद घेऊन त्यावर इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवत जागोजागचं मँगनीज मोजलं, तर त्याचा आलेख मधोमध घंटेसारखा उंचावतो.

हे थर कोट्यवधी वर्षं टिकतात, कारण त्या घट्ट चौकटीतून अणू फार संथपणे सरकतात. सुमारे ७०० अंशांच्या पुढे बराच काळ गेला की मात्र ते मिसळतात आणि नोंद पुसट होते. थर शाबूत असतील तर पुढचं गणित मांडता येतं: गार्नेट आणि शेजारचं काळं अभ्रक यांनी लोह-मॅग्नेशियम कसं वाटून घेतलं यावरून तापमान, आणि गार्नेट व प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार (कॅल्शियम-सोडियमचं एक खनिज) यांच्यातल्या कॅल्शियमच्या वाटणीवरून दाब, म्हणजेच खोली. मात्र त्यासाठी गारगोटी आणि कायनाइटसारखं ॲल्युमिनियमचं सिलिकेटही त्याच खडकात असावं लागतं, नाहीतर समीकरण सुटत नाही.

मँगनीजबरोबर आणखी एक दुर्मिळ मूलद्रव्य गाभ्यातच गोळा होतं, ल्युटेशियम. त्याचा १७६ वस्तुमानांकाचा प्रकार किरणोत्सर्गी आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३,७०० कोटी वर्षं, आणि क्षय होऊन त्याचं हाफ्नियम बनतं. दाण्यातलं दोहोंचं प्रमाण मोजलं की जे वय निघतं, ते मूळ चिखल साचला त्या काळाचं नसतं. तो चिखल गाडला जाऊन त्यात गार्नेट वाढू लागलं, त्या काळाचं असतं.