इमेज स्टॅबिलायझेशन आणि फोटोची प्रिंट

इमेज स्टॅबिलायझेशन म्हणजे शटर दाबताना हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या बॉडीत बसवलेली यंत्रणा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या सीमाभागात फोटोग्राफर लोक कंपनीच्या नावानंच बोलतात, कॅननवाला आयएस म्हणतो, निकॉनवाला व्हीआर, टॅमरॉनची लेन्स असेल तर व्हीसी, काम सगळ्यांचं एकच. फोटो हललाय का हे मोबाईलच्या स्क्रीनवर कळत नाही, ते कळतं अल्बमचं पान छापून हातात आलं की, म्हणून इथं स्टॅबिलायझेशन आणि प्रिंट एकाच नोंदीत घेतलंय, वेगवेगळं शिकलं तर दोन्ही अर्धवट राहतं.

आत वळण मोजणारे बारीक जायरो सेन्सर असतात, कॅमेरा कुठं किती वळतोय ते सतत मोजत असतात आणि त्या हिशोबानं लेन्समधल्या काचांचा एक गट उलट्या दिशेला सरकवला जातो. दुसऱ्या प्रकारात काच नाही, बॉडीतला फोटो टिपणारा सेन्सरच सरकतो. निकॉनचा झूम 700 व्हीआर हा रोलवाला छोटा कॅमेरा 1994 साली आला, तेव्हापासून ही सोय साध्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली, 1995 मध्ये कॅननची 75-300 आयएस लेन्स आली, सेन्सर सरकवणं मिनोल्टानं 2003 च्या डायमाज ए1 मध्ये आणलं आणि 2012 च्या ऑलिंपस ई-एम5 मध्ये पाच अक्षांवर, म्हणजे पाच प्रकारच्या हालचालींत, सांभाळणारी बॉडी आली. पाच अक्षांचा फायदा काय तर शटर जोरात दाबलं की कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली जाते, फ्रेम गोल फिरते, हे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन थांबवू शकत नाही, बॉडीतलं थांबवतं.

फायदा स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. जुना नियम असा की 200 एमएम लेन्स असेल तर शटर किमान 1/200 सेकंद पाहिजे, आणि क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा छोट्या) सेन्सरची बॉडी असेल तर दीडपट धरून 1/300. चार स्टॉपचं स्टॅबिलायझेशन म्हणजे तेच 1/300 चं काम साधारण 1/20 ला व्हायला पाहिजे. खोक्यावरचा आकडा टेस्टिंगमधला असतो, दिवसभर लग्नात उभं राहून दमलेल्या हाताला तेवढा मिळत नाही, एक-दोन स्टॉप कमीच धरून चालावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे फक्त तुमचा हात सांभाळतं, समोरचा माणूस हलला तर ह्याचा काही उपयोग नाही. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, तिथं देखाव्यातली मंडळी पोज घेऊन स्तब्ध उभी असतात, ट्रॅक्टर थांबलेला असला तर 1/30 ला सुद्धा मस्त फोटो येतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागत नाही. पण त्याच रथापुढं लेझीम किंवा ढोल चालू असेल तर 1/250 च्या खाली जाऊ नये, आयएसओ 3200 झाला तरी चालेल, दाणे आलेला फोटो छापता येतो, हललेला येत नाही. हळदीला, अक्षता पडताना, जत्रेतल्या कुस्तीला पण हाच हिशोब, कुस्तीला तर 1/500 पाहिजेच. व्हीआर ऑन आहे म्हणून शटर खाली ठेवणं ही नव्या पोरांची सगळ्यात मोठी सवय, ती आधी मोडायला पाहिजे.

चिकोडी-निपाणीकडच्या बैलगाडी शर्यतीत गाडीबरोबर कॅमेरा फिरवत 1/60 ला पॅनिंग करतात, त्याला कॅननच्या बऱ्याच टेली (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्सवर मोड 2 असतो, तो फिरवण्याच्या दिशेला हात लावत नाही, फक्त वरखालीचा झटका काढतो. निकॉनचा नॉर्मल मोड पॅनिंग स्वतःच ओळखतो. निकॉनच्या काही लेन्सवर ॲक्टिव्ह मोडही असतो, तो पायाखालची जागाच हलत असेल तेव्हासाठी, चालती जीप वगैरे. गोकाकचा झुलता पूल हे त्याचं आमच्या भागातलं उदाहरण, घटप्रभा तिथं साधारण 52 मीटर खाली पडते आणि पुलावर जायला मिळालं तर ट्रायपॉडचा काही उपयोग होत नाही कारण माणसं चालली की ट्रायपॉडसकट सगळंच हलतं. काठावरच्या पक्क्या खडकावर मात्र ट्रायपॉडच लावावा, पाणी रेशमासारखं यायला अर्धा-एक सेकंदाचं शटर लागतं, आणि तेव्हा जुन्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन बंद करावं, नाहीतर कॅमेरा स्थिर असताना ते उगीच हलचाल शोधत बसतं आणि फोटो तिथंच बिघडतो. नवीन बऱ्याच लेन्स ट्रायपॉड ओळखतात, तरी बंद केलेलं बरं.

कॅमेरा धरायची पद्धत यंत्रणेच्या आधी येते. डावा हात लेन्सच्या खालून, कोपरं बरगड्यांना टेकलेली, एक पाय थोडा पुढं, श्वास अर्धा सोडून बोट हळू दाबायचं. बटण अर्धं दाबून क्षणभर थांबावं, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर झालेलं दिसतं, मग पूर्ण दाबावं. सलग तीन फोटोंचा बर्स्ट घेतला तर मधला बहुतेक वेळा चांगला येतो कारण दाबायचा आणि सोडायचा झटका पहिल्या-शेवटच्याला बसतो.

आता प्रिंट. 24 मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे 6000 गुणिले 4000 पिक्सेल. हात हलून कडा 5 पिक्सेल पसरल्या असं धरा. मोबाईल उभा धरून 1080 पिक्सेल रुंदीत तो फोटो बघितला की साडेपाच पिक्सेलचा एक होतो, हललेलं दिसतच नाही, सगळे छान छान म्हणतात. 4 बाय 6 इंचाच्या प्रिंटमध्ये पण खपून जातं. पण तोच फोटो 12 बाय 18 वर गेला की इंचाला 333 पिक्सेल येतात, 5 पिक्सेल म्हणजे जवळजवळ 0.4 मिलिमीटर, आणि नवरीच्या पापण्या, नथीचे मोती, पैठणीची जर सगळं मऊ दिसायला लागतं. करिझ्मा (लग्नाच्या छापील पानांच्या) अल्बमचं उघडलेलं पान 12 बाय 36 असतं, एकच फोटो दोन्ही पानांवर पसरला तर आणखी उघडं पडतं. गंमत म्हणजे चौकातल्या मोठ्या फ्लेक्सवर ते दिसत नाही, कारण तो लांबून बघतात. त्यामुळं अल्बमला फोटो निवडताना लॅपटॉपवर 100 टक्के झूम करून डोळे बघावेत, डोळे धारदार असतील तरच मोठ्या पानाला घ्यावा, बाकीचे छोट्या चौकटीत.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला 1600 पिक्सेलच्या आसपास उरतो, 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) त्यातून सव्वापाच इंच निघतं, म्हणून लॅबला डॉक्युमेंट करून किंवा पेनड्राइव्हवर द्यावा. फाइल एसआरजीबी ह्या कलर प्रोफाइलमध्येच द्यावी. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून एडिट केलं तर प्रिंट काळपट येते, तो लॅबचा दोष नसतो. आमच्याकडं एकाच अल्बमवर एका घरची नावं मराठीत आणि दुसऱ्या घरची कन्नडात असं नेहमी असतं, फोटोशॉपमध्ये टेक्स्टचं सेटिंग बरोबर नसेल तर जोडाक्षरं तुटतात, कन्नड वाचणाऱ्याकडून कन्नड आणि मराठी वाचणाऱ्याकडून मराठी तपासून मगच छापायला टाकावं.

खानापूर, जांबोटीकडं पावसाळ्यात दमट इतकं असतं की चामड्याच्या पाऊचमधल्या लेन्सला बुरशी धरते, आणि स्टॅबिलायझेशनची लेन्स उघडून साफ करणं किचकट असतं, सरकणारा गट परत सरळ बसवावा लागतो. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवावी. भिंतीवरच्या फ्रेममध्ये पण प्रिंट काचेला चिकटते आणि काढताना वरचा थर निघून येतो, म्हणून मध्ये माउंटची (जाड पुठ्ठ्याची) पट्टी घालून घ्यावी आणि फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीला लावू नये.