गूळ चारला तरी गाईला साखर का कमी पडते?

पशुपालक बंधू-भगिनींनो,

गाय व्याली की गुळाची ढेप फोडायची, ही आपली जुनी रीत. गोळी पेंड न्यायला येणारे बरेच जण विचारतात, 'गूळ वाढवला तर ताकद लवकर भरेल ना?' दुकानात गर्दीत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून देतोय.

आपण गूळ खाल्ला की त्यातली साखर आतड्यातून रक्तात जाते. गाईचं तसं नाही. गव्हाणीतलं सगळं आधी कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात पडतं. तिथले जिवाणू साखर आणि स्टार्च फस्त करतात आणि मागे मुख्यतः तीन आम्लं ठेवतात: ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. गाईच्या पेशी बहुतांशी याच आम्लांवर चालतात. वैरणीतून ॲसिटिक जास्त बनतं, त्यातूनच दुधाची फॅट तयार होते. कडबा कमी पडला की डेअरीत फॅट उतरते ती यामुळेच. मका भरड्यातून प्रोपिऑनिक वाढतं आणि यकृत त्याचं ग्लुकोज करतं.

खरी ओढाताण या ग्लुकोजचीच. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, त्यापासूनच बनते आणि २० लिटर दुधात ती जवळपास १ किलो असते. व्याल्यावर दूध झपाट्याने चढतं, खाणं मात्र मागे राहतं. मग गाय अंगावरची चरबी वितळवते. चरबी इंधन म्हणून दमदार, ग्रॅमला ९ किलोकॅलरी; पण तिच्यापासून ग्लुकोज फारच थोडं मिळतं. यकृतात तिचा लोंढा आला की ती पुरती जळत नाही, अर्धवट जळालेले पदार्थ, म्हणजे कीटोन, साचतात. श्वासाला गोडसर वास येतो, गाय आंबोण टाळते, दूध घटतं. हाच किटोसिस. इथे गूळ कामाचा नाही, कारण त्यातून वाढणारं ब्युटिरिक कीटोनकडेच वळतं. डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायला सांगतात. त्याचं यकृतात ग्लुकोज होतं.

प्रथिनांपासूनही ग्लुकोज बनतं, पण त्यातलं नत्र युरिया होऊन लघवीवाटे जातं. महागाची सरकी पेंड अशी जाळू नका, हे आम्ही पेंड विकणारेच सांगतोय.

भाकड काळात गाय लठ्ठ होऊ देऊ नका. व्यायच्या २-३ आठवडे आधी गोळी पेंड थोडीथोडी सुरू करा, व्याल्यावरही हळूहळूच वाढवा. जिवाणूंना नव्या खुराकाची सवय व्हायला वेळ लागतो. एकदम वाढवलीत तर आम्लता होऊन रवंथ मंदावतो.

आणि श्वासाला तो गोडसर वास आला, तर पेंड बदलायला आमच्याकडे येण्याआधी पशुवैद्यकांना फोन करा.