धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा : पात्रता, कागदपत्रे आणि बिलात सवलत कशी धरतात

मुंबईतील लीलावती किंवा जसलोक, पुण्यातील रुबी हॉल किंवा जहांगीर ही नावे ऐकली की सर्वसामान्य माणूस खिसा चाचपतो. पण ही रुग्णालये धर्मादाय ट्रस्टची आहेत, आणि त्यांच्या खाटांपैकी पाचवा हिस्सा कायद्यानेच गरिबांसाठी बाजूला काढलेला आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालये आहेत. जिल्हावार यादी धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर मिळते.

आधार आहे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक चा. त्याखालची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केली. एकूण चालू खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, त्यांच्यावर मोफत उपचार. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, त्यांच्यावर सवलतीच्या दरात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. ही मर्यादा वेळोवेळी वाढत आली आहे. त्यामुळे जुन्या पत्रकातला ८५ हजारांचा आकडा दाखवून कोणी परत पाठवत असेल तर तिथेच अडवा.

पैसा येतो कुठून, हे माहीत असले की काउंटरवर बोलणे सोपे जाते. रुग्णालयाला आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' या वेगळ्या खात्यात टाकावी लागते. रुग्णालयात सगळे याला 'आयपीएफ' म्हणतात. तुमचा खर्च या खात्यातून वळता होतो आणि त्याचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला जातो. म्हणजे ही सवलत मालकाच्या मर्जीवर नाही.

कागदपत्रे थोडीच लागतात, पण ती नेमकी हवीत. योजनेत तीन पुरावे सांगितले आहेत : तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड. प्रत्यक्षात तहसीलदाराचा दाखला असेल तर वाद कमी होतो. शिधापत्रिकेवरचे उत्पन्न बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असते, शिवाय रंगावरून निर्धन की दुर्बल यावर घोळ होतो. याशिवाय रुग्णाचे आधार कार्ड, शिधापत्रिकेच्या सगळ्या पानांची झेरॉक्स (फक्त पहिल्या पानाची नव्हे, नाव आत असते), डॉक्टरांची चिठ्ठी, तपासण्यांचे रिपोर्ट आणि खर्चाचे एस्टिमेट जवळ ठेवा.

उत्पन्नाचा दाखला 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा जवळच्या सेतू, महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. आधार, शिधापत्रिका, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. नोकरदाराला पगारपत्रक किंवा फॉर्म १६, शेतकऱ्याला तलाठ्याचा अहवाल. अडचण अशी की दाखला यायला पंधरा दिवस धरावे लागतात आणि तो साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो. एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरले असेल तर फेब्रुवारीत काढलेला दाखला काउंटरवर नाकारला जाऊ शकतो. घरात दीर्घ आजार असेल तर दर एप्रिलला नवा दाखला काढून ठेवणे शहाणपणाचे.

नावाची गडबड तर नेहमीची. सून अजून माहेरच्या कार्डावर, बाळाचे नाव कुठेच नाही, आधारवर 'दत्तात्रय' आणि कार्डावर 'दत्तू'. अशा वेळी लग्नाचा दाखला, बाळाचा जन्मदाखला किंवा एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत न्या.

अर्ज नेमका कुणाकडे? बिलिंगच्या खिडकीवर नाही. धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतो, तिथे 'सोशल वर्कर' किंवा 'एमएसडब्ल्यू' म्हणून विचारा. कागद तपासायचे काम त्याचे. भरती होण्याआधी, नाहीतर भरती होताच त्याच दिवशी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. डिस्चार्जच्या दिवशी अर्ज केला की 'आता बिल तयार झाले' हे उत्तर ठरलेले. खोली जनरल वॉर्डचीच मागा. स्पेशल रूम घेऊन मग सवलत मागणाऱ्याची बाजू लगेच लंगडी पडते.

तातडीच्या रुग्णासाठी मात्र हा क्रम उलटा. अपघात, हृदयविकाराचा झटका, गुंतागुंतीची प्रसूती अशा वेळी रुग्णाला ताबडतोब भरती करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात, आणि डिपॉझिट मागता येत नाही. पुढे सरकारी रुग्णालयात हलवायची गरज पडली तर वाहनाची सोयही रुग्णालयानेच करायची. कागद नातेवाइकाने नंतर आणून द्यावेत.

आता बिल. निर्धन रुग्णाच्या बिलात खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, चादरी, वीज-पाणी, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, रुग्णालय जेवण पुरवत असेल तर त्याचेही नाहीत. बाकी सेवा सर्वात खालच्या वर्गाच्या दराने धरतात. औषधे, साहित्य आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचा भाग) रुग्णालयाला पडलेल्या खरेदी किमतीने. ही सगळी रक्कम आयपीएफमधून जाते. दुर्बल घटकाचे उदाहरण घेऊ. समजा, जनरल वॉर्डच्या दराने सेवांचे बिल ८०,००० आणि औषधे-इम्प्लांटची खरेदी किंमत ४०,००० झाली. निम्म्या सवलतीने रुग्णाने भरायचे ४०,००० अधिक २०,०००, म्हणजे ६०,०००. सर्वाधिक पैसा इथेच गळतो : इम्प्लांटवर छापील किंमत लावली जाते आणि सवलत त्या फुगलेल्या आकड्यावर दिली जाते. म्हणून खरेदी बिलाची प्रत लेखी मागा. डॉक्टरने आपली फी सोडली असेल तर ती अंतिम बिलात येताच कामा नये. बाहेरच्या मेडिकलमधून औषधे आणायला सांगितले तर पावत्या जपून ठेवा आणि हा खर्च आयपीएफमधून का नाही, हे अर्जातच विचारा.

'कोटा भरला' किंवा 'फंड संपला' ही उत्तरे तोंडी घेऊ नका. त्या दिवशी राखीव खाटा किती आणि भरलेल्या किती, ते लेखी मागा. बहुतेक वेळा कागद मागितल्यावरच खाट सापडते. तरी नकार मिळाला तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त, उपायुक्त किंवा सहायक आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. त्यात रुग्णालयाचे नाव, भरतीची तारीख, कागद कधी दिले, नकार कोणी दिला हे लिहून पोचेची प्रत आणि एस्टिमेट जोडा. रुग्ण अजून आत असताना केलेल्या तक्रारीवर हालचाल होते. बिल भरून घरी आल्यावर परतावा मागणे फार जिकिरीचे.

आणि आधी एक बघून घ्या. रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि आजार त्या यादीत असेल, तर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांचे ते संरक्षण आधी वापरा. यादीत न बसणाऱ्या उपचारासाठी राखीव खाट मागा.