गुडघा टेकतो तिथे

मार्जारासनासाठी हात आणि गुडघे जमिनीला टेकले, की काही जणांना पहिल्याच श्वासाला बारीक कळ येते. गुडघ्याखाली खडा आला असावा तशी. खाली पाहावं तर खडा नसतो. टोचत असतं ते आपलंच हाड. मलाही ही कळ बरीच वर्षं येत होती. त्यावर पहिला उपाय म्हणून मी मिळाली त्यातली सगळ्यात जाड, १५ मिलिमीटरची मॅट आणली. गुडघे सुरुवातीला सुखावले, पण वृक्षासनात तोल जायला लागला आणि अधोमुख श्वानासनात मनगटं भरून यायला लागली. महिनाभरात गुडघ्याची कळही परत आली. एवढी जाड मॅट असून असं का व्हावं, हे शोधताना मला मॅटपेक्षा गुडघ्याबद्दल जास्त कळलं.

खुर्चीत बसून गुडघा काटकोनात वाकवा आणि वाटीवरून बोट हळूहळू खाली आणा. वाटी संपली की एक घट्ट पट्टा लागतो आणि त्याखाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाचा टणक उंचवटा. मांडी सरळ उभी ठेवून आपण गुडघे टेकतो, तेव्हा वजन मुख्यतः या उंचवट्यावर, त्या पट्ट्यावर आणि वाटीच्या खालच्या टोकावर येतं. टाचेखाली निसर्गाने चरबीची जाड गादी दिली आहे, इथे तशी काही नाही. त्वचा, तिच्याखाली बर्सा नावाची पातळ पिशवी आणि लगेच हाड. बर्सातल्या किंचित द्रवामुळे त्वचा हाडावरून अलगद सरकते. फरशी बसवणारे कारागीर तासन्‌तास गुडघ्यांवर असतात, त्यांच्यात ही पिशवी सुजण्याचं प्रमाण जास्त असतं. ते गुडघ्यांना पॅड बांधतात ते त्यासाठीच. लहानपणी खूप खेळलेल्या काहींचा नडगीवरचा उंचवटा वाढीच्या वयात दुखावून कायमचा मोठा राहिलेला असतो. त्यांना गुडघे टेकणं जास्तच जड जातं, आणि पुष्कळदा त्याचं कारण त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं.

आता थोडा हिशेब. समजा, ६० किलो वजनाची व्यक्ती दोन्ही पायांवर उभी आहे आणि तळव्यांचा मिळून २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला आहे. दर चौरस सेंटिमीटरवर ३०० ग्रॅम भार आला. तीच व्यक्ती सूर्यनमस्कारातल्या अश्वसंचालनासनात, म्हणजे एक पाऊल पुढे आणि दुसरा पाय मागे गुडघ्यावर टेकलेला अशा स्थितीत गेली आणि मागच्या गुडघ्यावर २० किलो आले असं धरू. कडक फरशीवर हाडाचा जेमतेम ५ चौरस सेंटिमीटर भाग टेकतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ४ किलो. उभं असतानाच्या तेरापटीहून जास्त! मॅट यातलं वजन कमी करू शकत नाही. ती गुडघ्याभोवती वर येऊन टेकणारी जागा वाढवते. ५ चौरस सेंटिमीटरचे २० झाले, तर दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. मॅटचं गुडघ्यासाठीचं सगळं काम एवढंच आहे, आणि ते नीट होतं की नाही हे आतल्या फोमवर ठरतं.

फोम म्हणजे पातळ भिंतींच्या असंख्य बारीक कप्प्यांचा ढीग. हलका दाब दिला की भिंती किंचित वाकतात आणि सोडला की सरळ होतात. दाब वाढवला की त्या एकामागून एक मुडपतात; या टप्प्यात फोम बराच दबतो, पण खालून येणारा प्रतिकार फारसा वाढत नाही. गुडघ्याला हवाहवासा वाटतो तो हाच टप्पा. त्यानंतर मात्र भिंतीवर भिंत टेकते, दबायला जागा उरत नाही आणि फोम एकदम कडक होतो. माझ्या जाड मॅटचं नेमकं हेच होत होतं. पाठीखाली ती पहिल्या टप्प्यात असायची, गुडघ्याखाली थेट तिसऱ्या. झोपून पाहिलं तर गादी, गुडघा टेकला तर फरशी. हलक्या फोमचं आणखी एक लक्षण म्हणजे तो दाबाखाली हळूहळू दबत राहतो. त्यामुळे पाच सेकंद गुडघा टेकून मॅट पारखली तर हमखास फसगत होते. एकाच जागी पूर्ण मिनिटभर गुडघा टेकून ठेवायचा. खडा परत येणार असेल तर तो तेवढ्यात येतो.

म्हणून जाडीच्या आकड्याआधी मी मॅट हातात उचलून बघते. ६१ सेंटिमीटर रुंद, १७३ सेंटिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर जाड मॅटचं आकारमान साधारण सव्वासहा लिटर भरतं. तेवढ्याच मापाची एक मॅट १ किलोची आणि दुसरी अडीच किलोची असेल, तर दुसरीत त्याच जागेत अडीचपट माल भरलेला आहे. पदार्थ वेगळे असतील तर ही तुलना ढोबळच ठरते. दुसरी परीक्षा अंगठ्याची. मॅट अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबायची. बोटं एकमेकांना जवळपास भिडली, तर गुडघा आणि फरशीही भिडणार.

जास्तीच्या मऊपणाची किंमत बाकीचं शरीर मोजतं. तळव्यावर पडणारा दाब आणि घोट्याचा कोन यांवरून मेंदू जमिनीचा अंदाज घेत असतो. फोमवर हा अंदाज धूसर होतो. तोलाची तपासणी करताना रुग्णाला मुद्दाम फोमवर उभं करतात ते याच कारणाने. तळहाताची टाच मॅटमध्ये रुतली की मनगटही मागे जास्त वाकतं. मुळात ही मॅट गुडघ्यांसाठी आलेलीच नाही. जर्मनीत शिकवताना अँजेला फार्मर या योगशिक्षिकेने गालिच्याखाली घालतात तो फोम कापून वापरला, तो हातपाय घसरू नयेत म्हणून. पकड हे मॅटचं पहिलं काम होतं आणि अजूनही तेच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की संपूर्ण मॅट जाड घेऊच नये. ५ ते ६ मिलिमीटरची घट्ट विणीच्या फोमची किंवा रबराची मॅट घ्यावी आणि गुडघ्यांपुरता वेगळा थर ठेवावा. नैसर्गिक रबर पकडीला आणि दाबाला उत्तम, पण जड. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावं. कॉर्कचा पृष्ठभाग कडक असतो, गुडघ्याला आधार त्याच्याखालच्या थराचाच.

तो वेगळा थर घडी घातलेल्या ब्लँकेटचाही चालतो, फक्त घडी लांबट हवी. नुसत्या गुडघ्याखाली चौकोनी उशी ठेवली तर नडगी अधांतरी राहते आणि सगळा भार पुन्हा त्याच उंचवट्यावर येतो. घडी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गेली की नडगीही वजन वाटून घेते. अश्वसंचालनासनात मागचा पाय आणखी थोडा मागे न्यायचा, म्हणजे भार वाटीवरून सरकून तिच्या वरच्या मांसल भागावर येतो. मला सगळ्यात जास्त गुण या एका बदलाने आला आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागलं नाही.

हे सगळं बाहेरून टोचणाऱ्या दुखण्याबद्दल झालं. वज्रासनात टाचांवर बसल्यावर गुडघ्याच्या आत, वाटीमागे किंवा गुडघ्यामागच्या खोबणीत दुखत असेल, तर ते सांधा पूर्ण मिटल्याचं दुखणं आहे. खाली कितीही मऊ अंथरलं तरी गुडघ्याचा कोन तसाच राहतो. तिथे उशी जमिनीवर उपयोगाची नाही, ती बैठकीखाली टाचांवर किंवा मांडी आणि पोटरीच्या मध्ये हवी, म्हणजे सांधा तेवढा उघडा राहतो. आणि गुडघा सुजला, गरम लागला, मध्येच अडकायला किंवा दगा द्यायला लागला, तर मॅटचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावं.

चांगली मॅटही थकते. रोज एकाच जागी गुडघे टेकले की तिथल्या भिंती हळूहळू पूर्ण सरळ व्हायच्या थांबतात. मॅट खिडकीजवळ पसरून डोळे जमिनीच्या पातळीवर आणून पाहिलं, तर तिरप्या उजेडात दोन उथळ खळगे दिसतात. माझ्या आताच्या मॅटवर ते दिसायला लागलेत. दर महिन्याला मी तिचं डोकं आणि पाय अदलाबदल करते, म्हणजे गुडघे ताज्या जागी पडतात.