मिनॉक्सिडिलला जोडीदार का लागतो?

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ साली अमेरिकेत त्याच्या गोळीला मंजुरी मिळाली आणि गोळ्या घेणाऱ्यांच्या गालांवर, हातांवर नको तिथे केस उगवू लागले. याच दुष्परिणामाचा फायदा घेऊन १९८८ मध्ये टक्कल पडणाऱ्या पुरुषांसाठी डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण आलं.

पण तेच द्रावण तितक्याच नेमाने लावूनही एकाचे केस दाट होतात, तर दुसऱ्याला ढिम्म फरक पडत नाही. याचं एक कारण असं की बाटलीतलं मिनॉक्सिडिल कच्च्या रूपातलं औषध असतं. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणात सल्फोट्रान्सफरेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते मिनॉक्सिडिलचं मिनॉक्सिडिल सल्फेट करतं आणि मुळांवर काम करतं ते हेच. ज्याच्या डोक्यात हे विकर कमी, त्याने बाटल्या रिकाम्या केल्या तरी उपयोग बेताचाच.

इथे ट्रेटिनॉइन कामी येतं. मुरुमांवर वापरतात तेच. २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात विकर कमी असल्याने मिनॉक्सिडिल लागू पडणार नाही असा अंदाज असलेल्यांपैकी ४३ टक्के लोकांमध्ये, पाच दिवस ट्रेटिनॉइन लावल्यावर विकर पुरेसं वाढलं. मात्र तिथे मोजलं ते विकर, केस नव्हेत; हा फरक जाहिराती सोयीस्करपणे गाळतात. शिवाय ट्रेटिनॉइनमुळे मिनॉक्सिडिल त्वचेतून जास्त शोषलं जातं. म्हणजे आग, खाज आणि छातीत धडधड होण्याची शक्यताही वाढते.

दुसरा जोडीदार सुयांचा रोलर. २०१३ मध्ये १०० पुरुषांवर झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनी नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांचे मोजलेल्या जागेत सरासरी २२ केस वाढले, तर जोडीला आठवड्यातून एकदा रोलर फिरवलेल्यांचे ९१. बारीक जखमा भरून येताना वाढीचे संदेश सुटतात आणि मुळं जागी होतात, असं मानलं जातं. त्या चाचणीत रोलरनंतर २४ तास मिनॉक्सिडिल लावायचं नव्हतं. घरी लोक नेमका हाच भाग विसरतात आणि ताज्या टोचलेल्या त्वचेवर द्रावण ओततात.

एवढं करूनही मूळ कारण शिल्लक राहतंच. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजे डीएचटी, हे संप्रेरक (हार्मोन) जनुकीय कल असलेल्या मुळांना केसाच्या दर नव्या वाढीवेळी थोडं आणखी खुजं करत नेतं आणि मिनॉक्सिडिल त्याच्या वाटेला जात नाही. डीएचटी तयार होणं रोखतं ते फिनास्टेराइड. म्हणून मला ही जोडी सगळ्यांत तर्कशुद्ध वाटते. फिनास्टेराइड लावायच्या रूपातही मिळतं, पण ‘फक्त डोक्यापुरतं’ हा समज चुकीचा आहे. २४ आठवड्यांच्या एका चाचणीत गोळीने रक्तातलं डीएचटी सुमारे ५६ टक्के घटलं, तर फवाऱ्याने सुमारे ३५ टक्के. लैंगिक तक्रारींची शक्यता त्यामुळे उरतेच. गर्भवती स्त्रीने तर हे औषध लावलेल्या जागेला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्याने धोका असतो.

किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू? कोंडा असेल तर जरूर; केसांसाठी पुरावा तुटपुंजा.

मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गळती वाढते. विश्रांतीत असलेले जुने केस नव्या वाढीपुढे सुटतात. घाबरून अनेकजण इथेच औषध सोडतात. परिणाम जोखायचा तर चार ते सहा महिने द्यावे लागतात, आणि सगळे उपाय एकाच दिवशी सुरू केले तर खाज कशाने आली तेही कळत नाही.