एंटरप्राइज (स्टुडिओ मॉडेल)

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या (१९६६–६९) चित्रीकरणासाठी बनवलेले अंतराळयानाचे मॉडेल. लांबी सुमारे ३.४ मीटर, वजन ९० किलोच्या आसपास. आराखडा मॅट जेफरीज यांचा. रिचर्ड डॅटिन यांच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियात १९६४च्या अखेरीस ते लाकूड, पत्रा आणि प्लास्टिक वापरून तयार झाले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे. कल्पनाविज्ञानातल्या मोठ्या मॉडेलला रंग कसा द्यावा, या वादाचे हे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणता येईल.

हे मॉडेल कॅमेऱ्यासाठी होते, जवळून निरखण्यासाठी नव्हे. मागे निळा पडदा लावून चित्रीकरण होत असल्याने रंग चकचकीत असून चालत नसे, कारण पडद्याचा निळा रंग पृष्ठभागावर उमटला तर पुढे यान पार्श्वभूमीपासून वेगळे काढताना अडचण येते. म्हणून हिरवट झाक असलेला फिका राखाडी, बिनचमकी रंग दिला गेला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तो कधी पांढरा, कधी निळसर दिसतो. त्यावर डागांचे आणि ओघळांचे काम अगदी हलक्या हाताने केलेले होते. पुढच्या बशीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने जाळीदार रेषा आखल्या होत्या. त्याही इतक्या पुसट, की तेव्हाच्या दूरचित्रवाणी संचावर कोणाला दिसल्या असतील असे वाटत नाही.

चित्रीकरण मुख्यतः उजव्या बाजूने होई. डावी बाजू अर्धवटच सोडली होती आणि दिव्यांच्या तारा तिकडूनच आत शिरत. मालिकेसाठी नंतर खिडक्यांत दिवे बसवले गेले. इंजिनांच्या तोंडाशी असलेल्या घुमटांत फिरती पाती व लुकलुकणारे बल्ब आले.

पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने १९७४ मध्ये मॉडेल संग्रहालयाला दिले. त्यानंतर त्याची वेळोवेळी दुरुस्ती झाली. १९९१च्या कामात बशीचा वरचा भाग सुदैवाने तसाच ठेवला, पण बाकी यानावर पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा आणि छटा ठळक उमटल्या. हौशी मॉडेलकाराच्या टेबलावर हे काम वाखाणले गेले असते. मात्र मूळ यान डोळ्यांसमोर असलेल्या चाहत्यांना ते खटकले, आणि त्यात तथ्य होते. प्रत्येक जोड गडद केला की ३.४ मीटरचे मॉडेल ३.४ मीटरचेच वाटू लागते. प्रचंड जहाजाचा भास ओसरतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये मॉडेल प्रदर्शनातून काढून संवर्धनासाठी घेतले गेले. उद्दिष्ट नेमके होते : ऑगस्ट १९६७ मध्ये ते जसे होते तसे करणे, कारण चित्रीकरणाच्या काळातला शेवटचा ज्ञात बदल तेव्हाचा. क्ष-किरणांनी आतली बांधणी तपासली, अतिनील प्रकाशात नंतर दिलेले रंगाचे हात ओळखले. काही ठिकाणी थर एकेक घासून खालचा मूळ राखाडी शोधला आणि त्याच्याशी जुळवून नवा रंग बनवला. संग्रहालयाने जुनी छायाचित्रे मागवली, तेव्हा चाहत्यांकडची चित्रेही कामी आली. बशीच्या वरचा १९६०च्या दशकातला रंग याही वेळी जपला. त्याच्यावर फवारा मारणे म्हणजे एकमेव अस्सल पुरावा बुजवणे ठरले असते. बल्बांच्या जागी एलईडी आले. २०१६च्या उन्हाळ्यात, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, मॉडेल पुन्हा प्रदर्शनात मांडले गेले.